बाळाच्या नाळेतलं रक्त साठवायचं की दान करायचं? कॅथलिक ख्रिस्तसभा नेमकं काय म्हणते

स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनतात त्या मूळ पेशी, म्हटलं की बऱ्याच कॅथलिक जोडप्यांच्या मनात पहिली शंका हीच येते की हे आपल्या चर्चला चालत नाही ना. भ्रूण, प्रयोगशाळा, गर्भपात असं सगळं एकदम आठवतं. आणि मग बाळंतपण दोन-तीन महिन्यांवर आलेलं असताना कुणीतरी कॉर्ड ब्लड बँकेचं माहितीपत्रक हातात देतं, त्यात लिहिलेलं असतं की बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवा, ही संधी एकदाच येते, आणि आईबाप दोन्हीकडून कात्रीत सापडतात, साठवलं तर पाप होईल का आणि नाही साठवलं तर बाळावर अन्याय होईल का. या दोन्ही भीतींना तसा आधार नाही. पण तो का नाही हे नीट समजून घ्यायला हवं, कारण मधे एक तिसरा प्रश्न आहे ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही आणि ख्रिस्तसभेचा सगळा जोर खरं तर तिथेच आहे, तो म्हणजे हे रक्त कुणासाठी.

आधी हे रक्त म्हणजे काय ते बघू. बाळ जन्मलं, नाळ कापली, की वारेत आणि नाळेच्या उरलेल्या तुकड्यात बाळाचंच थोडं रक्त राहतं. पूर्वी ते वारेबरोबर टाकूनच द्यायचे. पण त्यात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी भरपूर असतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडांच्या आत, बोनमॅरोमध्ये ज्या पेशी तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स बनवत असतात त्याच जातीच्या. एखाद्याचा बोनमॅरोच बिघडला, ब्लड कॅन्सर झाला, थॅलेसेमिया असला किंवा जन्मतःच प्रतिकारशक्ती नसली, तर बोनमॅरोच्या जागी या पेशी देता येतात. हे पहिल्यांदा केलं गेलं १९८८ साली पॅरिसमध्ये, डॉ. एलियान ग्लुकमन यांनी, मॅथ्यू फॅरो नावाच्या पाच वर्षांच्या अमेरिकन मुलावर. त्याला फॅन्कोनी अॅनिमिया, म्हणजे बोनमॅरो निकामी करणारा आनुवंशिक आजार होता, आणि त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीच्या नाळेतल्या रक्ताने त्याला जगवलं. तेव्हापासून जगभरात असे ४० हजारांहून जास्त ट्रान्सप्लांट झालेत. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, ते रक्त बहिणीचं होतं, त्याचं स्वतःचं नव्हतं. पुढे याचं काम पडणार आहे.

आता चर्चला मान्य की अमान्य. १९९८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या टीमने मानवी भ्रूणातून मूळ पेशी वेगळ्या काढून वाढवल्या आणि तिथून मोठा वाद सुरू झाला, कारण त्या पेशी काढताना तो काही दिवसांचा भ्रूण मरतो. ख्रिस्तसभेची शिकवण अशी की गर्भधारणेच्या क्षणापासून तो जीव माणूस म्हणूनच वागवला गेला पाहिजे, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बरं करायचं असलं तरी त्याला मारून पेशी घेणं हा गंभीर अपराध. या विरोधाच्या बातम्या इतक्या झाल्या की चर्चचा स्टेम सेललाच विरोध आहे असा समज पसरला. तसं कधीच नव्हतं. २००८ साली व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत पाहणाऱ्या विभागाने डिग्नितास पर्सोने नावाचं पत्रक काढलं, त्याच्या ३२व्या परिच्छेदात हे अगदी स्वच्छ सांगितलंय. ज्याच्याकडून पेशी घेतल्या जातात त्याला गंभीर इजा होत नसेल तर ती पद्धत योग्य मानायची, आणि अशी साधारणपणे इजा न करणारी तीन ठिकाणं तिथे नाव घेऊन दिलीत, मोठ्या माणसाच्या शरीरातल्या पेशी, जन्माच्या वेळचं नाळेतलं रक्त, आणि नैसर्गिकरीत्या दगावलेला गर्भ. म्हणजे नाळेतलं रक्त हे पळवाट काढून चालवून घेतलेलं नाही, अधिकृत पत्रकात नाव घेऊन मान्य केलंय. अमेरिकेत २००५ साली नाळेतल्या रक्ताचा राष्ट्रीय साठा उभा करणारा जो कायदा झाला तो पुढे रेटणारे खासदार ख्रिस स्मिथ स्वतः कॅथलिक, आणि तिथल्या बिशपांच्या परिषदेनेही त्याला पाठिंबा दिला होता. रोममधल्या जेमेल्ली या कॅथलिक विद्यापीठाच्या हॉस्पिटलात नाळेतल्या रक्ताची सार्वजनिक बँकच आहे.

पण त्या परिच्छेदातली अट परत वाचा, ज्याच्याकडून घेतो त्याला इजा होता कामा नये. इथे ज्याच्याकडून घेतो ते म्हणजे नुकतं जन्मलेलं बाळ, आणि लोक सगळ्यात सहज विसरतात ते हेच. नाळेतलं रक्त हे काही वाया जाणारं, कुणाचंच नसलेलं रक्त नाही. बाळ बाहेर आल्यावर नाळ थोडा वेळ ठोके देत असते आणि तेवढ्या वेळात वारेतलं बरंचसं रक्त बाळाच्या अंगात जातं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळेला चिमटा लावायला निदान एक मिनिट थांबा, अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना निरोगी बाळासाठी निदान ३० ते ६० सेकंद सांगते. यामुळे बाळाच्या अंगातला लोहाचा साठा वाढतो जो पुढचे काही महिने पुरतो, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांना तर याचा फायदा फारच मोठा. आता अडचण अशी की जितकं थांबाल तितकं बँकेच्या पिशवीत रक्त कमी येतं, आणि कमी रक्त म्हणजे कमी पेशी, म्हणजे पिशवी बाद होण्याची शक्यता जास्त. मग पिशवी भरावी म्हणून घाईने चिमटा लावायचा मोह होतो.

माझ्या मते कॅथलिक नीतीचं उत्तर इथे अजिबात संदिग्ध नाही. आज समोर असलेल्या बाळाचं हित आधी, पिशवी नंतर. बाळाच्या हक्काचं रक्त त्याच्या अंगात जाऊ देऊन मग जे उरलं ते घेतलं तर अट पाळली गेली, बँकेसाठी चिमट्याची वेळ अलीकडे ओढली तर नाही पाळली गेली. प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनाही हेच म्हणतात की रक्त गोळा करण्यासाठी बाळंतपणाची नेहमीची पद्धत बदलायची नाही. आईला रक्तस्राव होतोय, बाळ रडत नाहीये, अशा वेळी रक्त गोळा करायचा विषयच सोडून द्यायचा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आणि हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायचं, कारण ऐन कळांमध्ये कुणी विचारत बसत नाही.

आता खासगी बँकेकडे येऊ. बँका दोन प्रकारच्या असतात. सार्वजनिक बँकेत तुम्ही रक्त दान करता, पैसे द्यावे लागत नाहीत, त्याची तपासणी होते, नोंद होते, आणि जगात ज्या कुणाला ते जुळेल त्याला ते मिळतं, अगदी रक्तदानासारखंच. खासगी बँकेत तुम्ही सुरुवातीला आणि मग दरवर्षी पैसे भरता आणि ती पिशवी उणे १९६ अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये तुमच्या कुटुंबाच्या नावाने पडून राहते. जाहिरातीत ८० आजारांची यादी असते, ती खोटी नसते, पण तिच्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते, त्यातले बहुतेक आजार दुसऱ्या माणसाच्या पेशींनी बरे केले जातात. आजार आनुवंशिक असेल तर तोच दोष बाळाच्या नाळेतल्या पेशींतही असणार, किडकं बियाणं काढून परत तेच पेरल्यासारखं. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये बऱ्याचदा कॅन्सरकडे नेणारा पहिला बिघाड जन्माच्या वेळीच रक्तात असतो, शिवाय दुसऱ्याच्या पेशी उरलेल्या कॅन्सरवर हल्ला करतात तसा हल्ला स्वतःच्या पेशी करत नाहीत. म्हणून डॉक्टर अशा वेळी स्वतःची साठवलेली पिशवी सहसा वापरतच नाहीत. मॅथ्यू फॅरोला बहिणीचं रक्त का द्यावं लागलं ते आता लक्षात येईल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली जे निवेदन काढलं त्यात खासगी पिशवी मुलाच्या आयुष्यात वापरली जाण्याची शक्यता वेगवेगळ्या अभ्यासांनुसार ४०० मध्ये एक ते २ लाखांत एक अशी दिलीय, आकडा इतका मागेपुढे होतो यावरूनच कळतं की हा सगळा अंदाजाचा मामला आहे. त्याच निवेदनात आयुष्याचा विमा म्हणून खासगी साठवणूक करू नका, सार्वजनिक बँकेला द्या असं सांगितलंय. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम यांच्यावर स्वतःचं नाळेतलं रक्त वापरून प्रयोग झाले आहेत, पण ड्यूक विद्यापीठाने ऑटिझमवर केलेल्या चाचणीत, जिचा निकाल २०२० मध्ये आला, मुख्य मोजमापात काही खास फरक दिसला नाही.

हे सगळं झालं विज्ञान, आणि मला वाटतं इथे विज्ञान आणि शिकवण एकमेकांच्या इतक्या जवळ आलेत की ते बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीची सभा भरली होती, तिच्या दोन मुख्य विषयांपैकी एक नाळेतल्या रक्ताच्या बँका हाच होता. तिथे पोप बेनेडिक्ट सोळावे बोलले. त्यांनी या पेशींवरच्या संशोधनाचं स्वागत केलं, नाळेतल्या रक्ताच्या दानाचं महत्त्व सांगितलं, आणि मग थेट खासगी बँकांचं नाव घेतलं. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा की फक्त स्वतःच्याच बाळासाठी रक्त साठवणाऱ्या खासगी बँका वाढत चालल्यात याकडे अनेक संशोधक साशंकतेने बघतात आणि ते बरोबर आहे, कारण दानापेक्षा त्यात वैज्ञानिकदृष्ट्या काही सरस नाही आणि वर ज्या एकमेकांसाठीच्या आपुलकीवर सगळ्यांचं भलं उभं असतं ती आपुलकी त्याने कमजोर होते.

हे एवढं मोठं का वाटतं ते सांगतो. दात्याच्या पेशी न जुळणं ही या रोग्यांची मुख्य अडचण असते. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे बऱ्याच जणांना घरात दाता मिळतच नाही, मग जगभरच्या यादीत शोधावं लागतं. नाळेतल्या पेशी अजून कोवळ्या असल्यामुळे थोडं कमी जुळलं तरी चालून जातात, बोनमॅरोला तेवढी सूट नसते. म्हणून ज्यांच्या वंशाचे, समाजाचे दाते यादीत कमी आहेत, किंवा आईबाप वेगवेगळ्या वंशांचे आहेत, त्यांना बोनमॅरोचा दाता मिळाला नाही तरी नाळेतली पिशवी मिळू शकते, पण ती यादीत असेल तरच. घरच्या नावाने कुलपात असलेली पिशवी कुठल्याच यादीत दिसत नाही. अर्थात अलीकडे अर्धवट जुळणाऱ्या आईबापांचा किंवा भावंडांचा बोनमॅरो वापरायच्या पद्धती सुधारल्यात आणि त्यामुळे नाळेतल्या रक्ताचा वापर पूर्वीपेक्षा कमी झालाय, हेही सांगायला हवं. पण ज्याला तेच लागतं त्याला तेच लागतं. ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम, म्हणजे तिच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, २२९६व्या परिच्छेदात अवयवदानाला उदात्त आणि पुण्याचं काम म्हणतो, आणि नाळेतल्या रक्ताचं दान तर असं की त्यात देणाऱ्याला टाकाही पडत नाही. जन्मल्या दिवशीच कुणा अनोळखी माणसाला जीव देता येणं, याहून सुंदर सुरुवात मला तरी सुचत नाही.

मग ज्यांनी खासगी बँकेत ठेवलंय त्यांनी पाप केलं का? नाही, तसं कुठेच म्हटलेलं नाही. पोपचं भाषण हे मार्गदर्शन असतं, ते आदराने ऐकायचं आणि मनावर घ्यायचं असतं, पण ते बंदीचा हुकूम नाही. डिग्नितास पर्सोनेमध्ये सार्वजनिक-खासगी असा भेद केलेलाच नाही. बाळाच्या काळजीने, कुणाचंही न हिसकावता आईबापांनी केलेली गोष्ट आहे ती, फार तर असं म्हणता येईल की याहून चांगलं काही करता आलं असतं. मला राग येतो तो आईबापांचा नाही, भीती विकणाऱ्या जाहिरातीचा येतो, पोटुशी बाईला पुढच्या तीस वर्षांतले आजार दाखवून सही घ्यायची हा प्रकार मला नीतीला धरून वाटत नाही, आणि सत्य पूर्ण सांगणं ही जबाबदारी इथे विकणाऱ्यावर येते.

एक परिस्थिती मात्र पूर्ण वेगळी. घरात आधीच एक मूल आजारी आहे, थॅलेसेमिया किंवा ल्युकेमिया आहे, आणि आता दुसरं बाळ येतंय. इथे घरच्यांसाठी रक्त ठेवणं अगदी योग्य, डॉक्टरांच्या संघटनाही त्याला पाठिंबा देतात, आणि पोपची टीका होती ती फक्त स्वतःपुरतं ठेवण्यावर, इथे तर ते भावंडासाठी आहे, म्हणजे तेही दानच झालं. काही सार्वजनिक बँका असं ठरवून दिलेलं दान सांभाळतात, आधी विचारून घ्या.

आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं काय? काहीच नाही. कॅथलिक नीतीत जुनी समजूत आहे, पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांशी बोलताना ती स्पष्ट मांडली होती, की जीव वाचवायला नेहमीचे, झेपतील असे उपाय करणं हे कर्तव्य, पण जे फार ओझ्याचे, असाधारण उपाय आहेत ते करायलाच हवेत असं बंधन नाही. ते बोलणं आजारी माणसाच्या उपचारांबद्दल होतं, पण मग जो आजार झालेलाच नाही, जो होण्याची शक्यताही अगदी कमी आहे, त्यासाठी वर्षानुवर्षं पैसे भरणं कर्तव्य कसं ठरेल. जवळपास सार्वजनिक बँक नसेल, खासगी परवडत नसेल किंवा पटत नसेल, तर नाळेतलं रक्त बाळालाच जाऊ द्या आणि निर्धास्त रहा, कन्फेशनमध्ये सांगण्यासारखं यात काही नाही.

जिथे ख्रिस्तसभा ठामपणे नाही म्हणते ती जागाही सांगायला हवी, कारण तिथे भलेभले अडखळतात. २००० साली अमेरिकेत अॅडम नॅश नावाचं बाळ जन्मलं. त्याच्या बहिणीला, मॉलीला, तोच फॅन्कोनी अॅनिमिया होता. आईबापांनी आयव्हीएफ करून, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत, भ्रूण तयार करवले, त्यातला निरोगी आणि मॉलीशी जुळणारा निवडला, तोच पुढे अॅडम, आणि त्याच्या नाळेतल्या रक्ताने मॉली वाचली. गोष्ट ऐकली की डोळ्यात पाणी येतं आणि त्या आईबापांना दोष द्यायची कुणाची हिंमत होणार. पण शिकवण विचारते की जे भ्रूण जुळले नाहीत किंवा आजारी निघाले म्हणून निवडले गेले नाहीत त्यांचं काय. १९८७ च्या दोनुम विते या पत्रकाने आयव्हीएफला आणि डिग्नितास पर्सोनेने भ्रूणांची अशी निवड करण्याला नकार दिला त्यामागे हे एक मोठं कारण आहे. दुसरं कारण असं की मूल हे त्याच्या स्वतःसाठी हवं असलं पाहिजे, कुणाचं औषध म्हणून नव्हे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये म्हटलंय की पृथ्वीवर माणूस हाच एक जीव देवाने त्याच्या स्वतःसाठी निर्माण केला. फॅरो आणि नॅश यांच्या गोष्टी वरून सारख्याच दिसतात, तोच आजार, तेच नाळेतलं रक्त, तेच बरं होणं. पण फॅरोची बहीण आधीच आईच्या पोटात होती, नंतर तपासणीत कळलं की ती निरोगी आहे आणि तिचं जुळतंय. तिच्यासाठी कुणाला बाजूला टाकलं नव्हतं. रक्त दोन्हीकडे निर्दोषच होतं, फरक पडला तो बाळ कसं आलं यात, आणि अॅडमबद्दल बोलायचं तर तो जन्मला त्या क्षणापासून त्याची प्रतिष्ठा इतर कुठल्याही बाळाइतकीच, यात ख्रिस्तसभा तसूभरही फरक करत नाही.

दान करायचं ठरवलंत तर संमतीपत्रावर सही करताना दोन-चार गोष्टी विचारा. बाळ स्वतः हो म्हणू शकत नाही, आईबाप त्याच्या वतीने हो म्हणतात, म्हणून ते पत्र वाचणं हे कामच आहे. दान केलेल्या बऱ्याच पिशव्या ट्रान्सप्लांटला पुरतील एवढ्या भरत नाहीत, मग त्या संशोधनाला जातात किंवा टाकल्या जातात, तर कुठल्या संशोधनाला जाऊ शकतात ते विचारा, आणि भ्रूण तयार करणं किंवा नष्ट करणं ज्यात येतं अशा कामाला आमची संमती नाही असं लिहून देता येतं का तेही विचारा. बाळाची आनुवंशिक माहिती किती काळ आणि कुणाकडे राहणार, तपासणीत एखादा आजार सापडला तर तुम्हाला कळवणार का, हेही विचारा. खासगी बँकेत आधीच ठेवलं असेल तर करार चाळून बघा, गरज पडल्यास बाहेरच्या रोग्याला देता येतं का, बँक बंद पडली तर पिशवीचं काय होणार, आणि हप्ते थांबवले तर ती कुणाच्या मालकीची होते, कारण काही करारांत तिची विल्हेवाट लावायचा हक्क बँकेकडे जातो आणि ते आईबापांना फार उशिरा कळतं.